घरची डंबेल्स किती वर्षे टिकतात?



कपाशीवरची अळी, सोयाबीनचा भाव, नळगंगेच्या धरणातले पाणी असे जिव्हाळ्याचे विषय सोडून आज मी डंबेल्सवर बोलणार आहे, हे ऐकून कोणाला हसू येईल. येऊ द्या. पण मोताळ्याहून मलकापूरकडे किंवा राजूर घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर पहाटे जरा नजर टाका. अंधारात पळणारी पोरे दिसतात, हल्ली पोरीही दिसतात. कोणाला पोलिसात जायचे आहे, कोणाला सैन्यात. पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीला ५० गुण असतात. मुलांना १६०० मीटर धावणे, १०० मीटर धावणे आणि गोळाफेक. मुलींना १६०० च्या जागी ८०० मीटर. मुलांचा गोळा ७.२६० किलोचा, मुलींचा ४ किलोचा. धावायला रस्ता फुकट आहे. खांद्यात आणि मनगटात जोर आणायचा तर मात्र हाताशी काही साधन लागते. मग कापूस वेचणीच्या मजुरीतून चार पैसे बाजूला पडतात, आणि एके दिवशी घरात एक जड खोके येते. त्यात दोन दांडे, आठ-दहा चकत्या आणि चार नट निघतात. वजन पाहिजे तेव्हा वाढवा, पाहिजे तेव्हा कमी करा, अशी ही डंबेल्सची जोडी.

२०२० साली मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि व्यायामशाळांना कुलपे लागली. आपल्या राज्यात ती उघडली २५ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दिवशी. त्या सात महिन्यांत ही जोडी शहरांतून खेड्यांपर्यंत पोचली, आणि पुढेही येतच राहिली. त्या वेळी घेतलेल्या कित्येक जोड्या आज माळ्यावर नाहीतर गोठ्याच्या कोपऱ्यात पडून आहेत. काही अजून रोज हातात आहेत. दोन्हींत फरक कशाने पडला, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

घरातली वडीलधारी माणसे म्हणतात, "लोखंडच ते. त्याले काय होते बाप्पा?" म्हणणे चुकीचे नाही, पण अर्धे आहे. आपली बैलगाडी आठवा. चाकाला लोखंडी धाव असते, आरे भक्कम लाकडाचे असतात, आस जाड असतो. हे सगळे मिळून वर्षानुवर्षे ओझे वाहते. पण चाक आसावर टिकून राहते ते त्याच्या टोकाला ठोकलेल्या बोटभर खिळीमुळे. ती खीळ झिजली किंवा निसटली, की भरल्या गाडीचे चाक निघून जाते, मग धाव कितीही जाड असो. डंबेल्सचे तसेच आहे. चकत्या नातवापर्यंत टिकतील; प्रश्न त्यांना दांड्यावर धरून ठेवणाऱ्या नटाचा आहे, आणि नटाखालच्या रबरी वॉशरचा. जोडीचे आयुष्य या दोन बारक्या वस्तू ठरवतात. आणि आयुष्य म्हणजे नुसते पैशाचे नव्हे. डोक्यावर वजन उचलले असताना नट निसटला तर पाच किलोची चकती कोणाच्या पायावर, किंवा शेजारी खेळणाऱ्या लेकराच्या डोक्यावर पडेल, हे सांगता येत नाही.

आपल्या जुन्या तालमींत हा प्रश्न नव्हता, कारण तिथल्या साधनांना सुटे भागच नव्हते. मुद्गल म्हणजे लाकडाचा एक अखंड ठोकळा. नाल म्हणजे मूठ कोरलेला दगड. पैलवानाची ताकद वाढली की तो मोठ्या मुद्गलाकडे वळे आणि धाकटा मुद्गल पाठच्या पोराच्या हाती जाई. वजन बदलायचे म्हणजे वस्तू बदलायची. ज्यात हलणारा भाग नाही त्यात बिघडायला जागाही नाही. वऱ्हाडात व्यायामाची ही परंपरा जपणारी मोठी संस्था म्हणजे अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ. १९१४ साली ते स्थापन झाले, आणि १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथल्या मंडळींनी आपले देशी व्यायाम परदेशी लोकांपुढे करून दाखवले. शिक्षकमित्रांना तर डंबेल्स म्हटले की शाळेतली कवायत आठवेल. लेझीम, घुंगूरकाठी आणि लाकडी डंबेल्सची जोडी. ठेक्यावर ती एकमेकांवर आपटायची. ती हलकी, लाकडी, आणि तीही एकसंध. पुष्कळ शाळांच्या कपाटांत ती अजून निघतील, आणि एकही मोडलेले नसेल.

डंबेल या शब्दाचा अर्थ मोठा गमतीचा आहे: मुकी घंटा. इंग्लंडात देवळातल्या मोठ्या घंटा दोराने ओढून वाजवीत. त्या ओढण्याचा व्यायाम गावाची झोपमोड न करता व्हावा म्हणून बिनघंटेचे एक यंत्र करीत, आणि त्यावरून हे नाव पुढे हातातल्या वजनाला चिकटले. वजन कमीजास्त करण्याची कल्पनाही आजची नाही. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या अ‍ॅलन कॅल्व्हर्ट नावाच्या गृहस्थाने १९०२ मध्ये मायलो नावाची कंपनी काढली. तिच्या साधनांना पोकळ गोळे असत आणि त्यांत शिशाचे छरे भरून वजन वाढवीत. त्याच काळात यूजेन सँडो हा पहिलवान जगभर गाजत होता. १९०४-०५ च्या सुमारास तो हिंदुस्थानातही येऊन गेला. आपण अंगात घालतो त्या सँडो बनियनमुळे त्याचे नाव आजही आपल्या दोरीवर वाळत असते! त्याची डंबेल्स मधोमध चिरलेली असत आणि दोन भागांत स्प्रिंगा बसवलेल्या असत. मूठ आवळली की त्या दबत. जोर वाढेल तशी स्प्रिंगांची संख्या वाढवायची. असो. इतिहास इथेच थांबवतो, कारण खरे काम नटापाशी आहे.

आज बाजारात ढोबळमानाने तीन प्रकार मिळतात. पहिला दांड्याचा आणि नटाचा, म्हणजे दांड्याच्या दोन्ही टोकांना आटे पाडलेले आणि त्यावर चांदणीच्या आकाराचा नट. दुसऱ्या प्रकारात दांडा गुळगुळीत असतो आणि चकती स्प्रिंगच्या चिमट्याने अडवलेली असते. तिसरा प्रकार नव्या तऱ्हेचा. त्यात डंबेल एका घरट्यासारख्या तळाशी ठेवायचे, टोकाची तबकडी फिरवून पाहिजे तो आकडा आणायचा, की तेवढ्याच चकत्या दांड्याबरोबर वर येतात आणि बाकीच्या घरट्यात राहतात. दिसायला हा तिसरा प्रकार फार देखणा. वजन बदलायला दोन-तीन सेकंद पुरतात.

या देखण्या प्रकाराची एक हकिगत सांगितली पाहिजे. अमेरिकेत बोफ्लेक्स नावाची अशी डंबेल्स वर्षानुवर्षे घरोघर खपली. जून २०२५ मध्ये तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाच्या सूचनेने त्यांतली ५५२ आणि १०९० या क्रमांकांची डंबेल्स बाजारातून परत बोलावण्यात आली. थोडीथोडकी नव्हेत, सुमारे ३८ लाख! कारण एकच: वापर चालू असताना चकत्या दांड्यापासून सुटून पडत होत्या. त्यात १११ जणांना इजा झाल्याची नोंद आहे. कोणाच्या पायाची बोटे मोडली, कोणाच्या डोक्याला मार बसला. आणि दुसरी गोष्ट त्याहून विचार करण्यासारखी. जिने ही डंबेल्स काढली ती मूळ कंपनी २०२४ सालीच दिवाळखोरीत गेली होती आणि तिचे नाव व माल दुसऱ्या कंपनीने विकत घेतला होता. म्हणजे वस्तू घरात आहे, हमीचा कागद कपाटात आहे, आणि हमी देणारा मूळ दुकानदार दुकान बंद करून गेला आहे. लोखंड अशा वेळी कंपनीपेक्षा जास्त जगते. अडते ते आतल्या दात्यांपाशी आणि खिटीपाशी, कारण तो सुटा भाग मोताळ्याच्या बाजारात मिळत नाही आणि मलकापूरच्या लेथवाल्यालाही करता येत नाही.

सगळी तबकडीची डंबेल्स वाईट, असे माझे म्हणणे नाही. शहरात, फरशीच्या स्वच्छ खोलीत, जपून वापरणाऱ्याच्या हाती ती चांगली चालतात. पण आपल्याकडे उन्हाळ्यात काळ्या मातीचा धुरळा घरभर होतो, कापूस घरात भरला की त्याचे बारीक तंतू जिथे तिथे शिरतात, आणि पारा ४४-४५ अंशांवर जातो. दातेवाली बंद पेटी, धूळ आणि ऊन यांचे जमत नाही. शिवाय असे डंबेल खाली आपटून चालतच नाही. म्हणून खेड्यातल्या घरासाठी माझा कौल दांड्या-नटाच्या साध्या जोडीला आहे. ती दिसायला ओबडधोबड आहे, वजन बदलायला मिनिटभर घेते, पण तिचा प्रत्येक भाग डोळ्यांना दिसतो, हाताला लागतो आणि गावात बदलून मिळतो.

आता तिच्यात बिघाड कसा होतो ते पाहू. शिक्षकमंडळींनी हा भाग वर्गात करून दाखवण्यासारखा आहे. दांड्याच्या दोन्ही टोकांचे आटे एकाच जातीचे असतात: टोकाकडून पाहिले तर घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरवले की नट आवळतो. आता व्यायाम करताना दांडा मुठीत थोडा गरकन फिरतो. उजव्या टोकाकडून पाहणाऱ्याला तो काट्याप्रमाणे फिरताना दिसला, तर डाव्या टोकाकडून पाहणाऱ्याला नेमका उलटा फिरताना दिसेल. जड चकत्या आणि नट मात्र आपल्या जडपणामुळे मागे रेंगाळतात. परिणाम असा, की एका बाजूचा नट आवळला जातो आणि त्याच वेळी दुसऱ्या बाजूचा सैल होतो. पटत नसेल तर खडू घ्या. दोन्ही नट हाताने सारखे आवळा, नटावरून दांड्याच्या टोकावर एक सरळ रेघ ओढा, आणि तीस-चाळीस वेळा वजन उचलून पाहा. वॉशर जुना असेल तर एका बाजूची रेघ तुटलेली दिसेल.

नट सैल होऊ न देण्याचे काम रबरी वॉशर करतो. नटाखाली तो दबतो आणि उलट रेटा देऊन नटाला आट्यांशी घट्ट धरून ठेवतो. पण रबर हे उन्हाने कडक होते, तेलाने फुगते आणि जुने झाले की चिरते. जोडीतली पहिली जाणारी वस्तू तीच. रुपया-दोन रुपयांची वस्तू म्हणून तिच्याकडे कोणी पाहत नाही. वॉशर हरवला तर पोरे नट नुसता लोखंडावर लोखंड आवळतात. दहा-वीस वेळा उचलले की तो सुटतो. नवा वॉशर मिळाला नाही तरी अडत नाही. ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबचा तुकडा गोल कापून मध्ये भोक पाडले की काम भागते. एकाऐवजी दोन कापून ठेवावेत.

वॉशरनंतर आटे. नवे आटे पाहिले तर त्यांची डोकी जराशी सपाट असतात. झिजत गेले की ती करवतीच्या दात्यासारखी टोकदार आणि चकचकीत होतात. नट आवळूनही डुगडुगतो. ही खूण दिसली की त्या जोडीने डोक्यावर वजन नेणे त्याच दिवशी बंद करावे. आणखी एक हिशेब लक्षात ठेवा: नटाच्या आत दांड्याचा निदान तितका भाग आला पाहिजे जितकी दांड्याची जाडी आहे. दांडा इंचभर जाड असेल तर इंचभर आटे नटात गेले पाहिजेत. जास्त वजनाच्या हव्यासाने चकत्यांवर चकत्या चढवल्या आणि नट टोकाच्या दोन-तीन आट्यांवरच लटकत राहिला, असे हमखास होते. तिथेच अपघात होतो.

हे विशेषतः प्लॅस्टिकच्या चकत्यांच्या बाबतीत घडते, आणि त्याचे कारण साधे आहे. स्वस्तातल्या जोड्यांत चकती लोखंडी नसते. वरून प्लॅस्टिकचे कवच आणि आत सिमेंटचे मिश्रण भरलेले असते. बिडाचा एक घनसेंटिमीटर तुकडा सुमारे ७ ग्रॅम भरतो, सिमेंटचा जेमतेम सव्वादोन ग्रॅम. म्हणजे पाच किलोची सिमेंटची चकती लोखंडी चकतीच्या सुमारे तिप्पट जागा खाते. दांडा तोच, १४ इंची. मग नटाला आटे उरतात कुठे? तरीही या चकत्या अगदी टाकाऊ म्हणता येत नाहीत. नवशिक्या मुलाला, हलक्या वजनाला त्या पुरतात, गंजत नाहीत, फरशी फोडत नाहीत. पण आपटल्या की कवच तडकते आणि आतला भुगा गळू लागतो. भुगा गळला की एक बाजू हलकी पडते आणि मनगटाला पीळ बसतो. तडकलेली चकती चिकटपट्टी लावून वापरू नये. बिडाच्या चकतीला पैसे जास्त पडतात, पण ते एकदाच.

विकत घेताना चुंबक खिशात ठेवा, मोटारीतले जुने चुंबकही चालेल. लोखंडी म्हणून सांगितलेल्या चकतीला ते चिकटले पाहिजे. घरी आणल्यावर किराणा दुकानाच्या किंवा धान्याच्या काट्यावर प्रत्येक चकती वेगळी वजन करा. पाच किलो छापलेली चकती थोडी कमी भरली तर आकाश कोसळत नाही, पण दोन बाजूंच्या चकत्या एकमेकींशी जुळल्या पाहिजेत. दांडा भरीव आहे की पोकळ नळी आहे ते विचारा, आणि उचलून पाहा. नट हाताने शेवटपर्यंत फिरवून पाहा. मध्ये अडकता कामा नये आणि डुलता कामा नये. बिल पक्के घ्या. दुकानदार दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, आणि तक्रार नेण्यासाठी जिल्हा ग्राहक आयोग आहे.

आता आपटण्याविषयी. दमलेला माणूस दहा किलोचे डंबेल कमरेइतक्या उंचीवरून टाकून देतो. त्यात थोडी ऐटही असते. कंबर म्हणजे मीटरभर उंची धरा. खाली शहाबादी फरशी असेल तर ते वजन जवळजवळ जागच्या जागी, समजा २ मिलिमीटरांत थांबते. १००० मिलिमीटर पडून २ मिलिमीटरांत थांबले, म्हणजे बसणारा सरासरी दणका वजनाच्या सुमारे ५०० पट. दहा किलोचे डंबेल त्या क्षणी पाच हजार किलोसारखे वागते. तेच अंगणातल्या भुसभुशीत मातीत २ सेंटिमीटर रुतले तर दणका पन्नास पटींवर येतो. दुमडलेल्या पोत्यावर ठेवले तर त्याहून कमी. फरशीवरचा दणका जिरतो कुठे? दांड्यावर जिथे आटे सुरू होतात त्या खाचेत. ती दांड्याची सर्वांत नाजूक जागा. तिथे केसाइतकी चीर पडते, ती दिसत नाही, आणि एके दिवशी दांडा तिथूनच तुटतो किंवा वाकतो. म्हणून डंबेल टाकायचे नसते, ठेवायचे असते. पोत्याची दोन-तीन पदरी घडी घालावी आणि तिच्यावर ठेवावे. उघड्या मातीवर ठेवले तर लोखंड वाचते, पण आट्यांत वाळूचा कण शिरतो, आणि तो कण नटाबरोबर फिरून आटे कानसेसारखे घासतो.

गंजाचे प्रकरण तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. पावसाळ्यानंतर कोपऱ्यात पडलेल्या वखराच्या पासेचे काय होते ते आपण पाहतोच. वावरात चालणारी पास मात्र आरशासारखी असते. हवेतला दमटपणा साठ टक्क्यांच्या वर गेला की उघडे लोखंड भराभर गंजू लागते, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर तो बहुधा त्याहून वर असतो. त्यात घामाची भर. घामातले मीठ हवेतली ओल खेचून घेते आणि लोखंडाला रात्रभर ओलेच ठेवते. मुठीजवळचा मुलामा आधी तिथेच सोलतो. पण शेतकऱ्याच्या घरात याहून मोठा एक शत्रू आहे, आणि त्याच्याकडे सहसा लक्ष जात नाही. खताची पोती. युरिया, पोटॅश ही खते ओल धरतात आणि लोखंड खातात. पेरणीयंत्राची खताची पेटी किती लवकर भोके पडून जाते, ते आठवा. तीच पोती ज्या खोलीत, त्याच खोलीत पोराची डंबेल्स ठेवलेली असतात! ती तिथून आजच हलवा. सारवलेल्या ओल्या जमिनीवरही नकोत. भिंतीला टेकून एक लाकडी फळी टाका आणि तिच्यावर ठेवा.

निगा फार नाही. व्यायाम झाला की कोरड्या फडक्याने मूठ आणि चकत्या पुसायच्या, आटेही पुसायचे. मुठीवरच्या खरखरीत रेघांत मळ बसतो, तो दातांच्या जुन्या ब्रशने काढायचा. मृग लागायच्या आधी आणि दिवाळीनंतर, असे वर्षातून दोनदा नट पूर्ण सोडवून आटे वायरब्रशने साफ करायचे आणि शिवणयंत्राचे तेल अगदी बोटभर लावून पुन्हा पुसून घ्यायचे. घरातले खायचे तेल लावू नका. ते वाळून चिकट होते आणि धूळ धरून बसते. तेल वॉशरला लागू देऊ नका, मुठीला तर मुळीच नको. चकत्यांचा रंग उडाला असेल तर गंज घासून आधी लाल ऑक्साइडचा हात द्यावा, मग काळा तेलरंग. पोळ्याच्या सुमारास रंगाचा डबा घरात येतोच, त्यातला उरलेला चालेल. पैलवान कुरकुरणार नाही.

शिक्षकांना थोडे वेगळे सांगायचे आहे. शाळेत किंवा गावच्या अभ्यासिकेजवळ अशी जोडी असेल तर ती दहा हातांतून जाते, आणि ज्या वस्तूला दहा धनी तिला एकही नसतो. तेव्हा तासाच्या सुरुवातीला चारही नट एकाच जबाबदार विद्यार्थ्याने हाताने आवळून पाहावेत, आणि वजन बदलले की पुन्हा पाहावेत. पकडीने आवळण्याची सवय लावू नये. पकड आटे खाते, आणि पुढच्याला नट सुटत नाही. स्प्रिंगचा चिमटा असलेली जोडी असेल तर ती डोक्याच्या वर किंवा उताणे पडून छातीवर वापरू देऊ नये, कारण स्प्रिंग ढिली पडल्याचे डोळ्यांना कळत नाही. चकत्यांवर खडूने नव्हे, रंगाने वजन लिहावे, आणि वजन काट्यावर केलेले असावे. लहान वर्गांना हे लोखंड देऊच नये. त्यांच्यासाठी कपाटातली लाकडी डंबेल्स आहेत, ठेकाही आहे.

मुलींच्या बाबतीत एक शब्द. घरातल्या भावासाठी आणलेली जोडी बहिणीलाही वापरता यावी, हा वजन बदलण्याच्या सोयीचा मोठा फायदा आहे. एकाच दांड्यावर सकाळी तिचे चार किलो आणि संध्याकाळी त्याचे दहा. पण वजन रोज दोनदा बदलले म्हणजे आटेही रोज दोनदा झिजतात. परवडत असेल तर चकत्या त्याच ठेवून दांड्यांची दुसरी जोडी घ्यावी. दांडा हा सबंध साधनातला स्वस्त भाग आहे.

शेवटी दुरुस्ती. नट झिजला तर नट बदला. दांड्याचे आटे झिजले असतील तर नुसता नवा नट फार दिवस टिकत नाही, कारण जुने आटे त्यालाही लवकर खातात. दांडा भरीव असेल तर लेथवाला टोक छाटून नवे आटे पाडून देतो, फक्त दांडा थोडा आखूड होतो. काही जण सुचवतात, "वेल्डिंग मारून टाका, झंझट मिटली." तसे केले तर ते बदलते वजन राहत नाही, कायमच्या ठरीव वजनाचे डंबेल होते. ती काही वाईट गत नाही. मुद्गलाच्या वाटेने परत गेल्यासारखेच. पण वेल्डिंगच्या आधी चकचकीत मुलामा घासून काढायला सांगा, कारण त्याचा धूर छातीत जाणे घातक असते, आणि काम उघड्यावर करायला सांगा. वाकलेला दांडा मात्र ठोकून सरळ करू नये. ज्या जागी तो वाकला त्या जागी तो कमजोर झालेला असतो, आणि सरळ केल्यावर ती जागा ओळखूही येत नाही. तो भंगारात द्यावा. चकत्या ठेवून घ्याव्यात, त्या नव्या दांड्यावर चालतात. एवढेच, की सगळ्या चकत्यांची भोके सारख्या मापाची नसतात. कोणाची २५ मिलिमीटरच्या दांड्याची, कोणाची २८ च्या. तेव्हा मलकापूरला किंवा बुलढाण्याला नवा दांडा आणायला जाल तेव्हा पिशवीत जुनी एक चकती टाकून न्या, आणि दुकानातच बसवून पाहा.